सतरा नंबर

सकाळी डॉक्टरीणबाईंचा फोन आला.
यादी लागली म्हणाल्या, जगातली,
पशुविज्ञान आणि पशुवैद्यक, दोन्ही धरून.
त्यांचा नंबर एक हजार एकशे आठ.
मला आधी वाटलं, रेशनची.

मग त्यांनी समजावलं, नेहमीसारखं, थांबत थांबत:
कोणी किती लिहिलं याला भाव नाही,
कोणाचं किती जणांनी घेतलं, त्याला आहे.
एच-इंडेक्स एकतीस.
म्हणजे एकतीस लेख असे
की प्रत्येकाला निदान एकतीस जणांनी हाक मारली.
मी म्हटलं, बाई, मला रात्रीबेरात्री हाक मारणारी
धोपाव्यात घरंच पंधरा.
त्या हसल्या. हसताना त्या अजून मृणाल केळुसकर असतात,
नोकरीच्या पहिल्या वर्षातल्या,
खाडीच्या चिखलात एक चप्पल हरवून बसलेल्या.

सगळ्यात जास्त कुठला चालला? मी विचारलं.
तिवराचा, म्हणाल्या. आपला.
चारशे बारा.

आपला.

तिवराचा पाला खाऊन वाढणाऱ्या खाडीकाठच्या शेळ्या,
चोवीस शेळ्या, सहा घरं, चौदा महिने,
दर सोमवारी सुकती बघून.
बाई वहीत तारीख घालायच्या, मी ताणकाटा धरायचो.
खारट पाल्याने दूध खारट होत नाही
हे हजरा मुकादमला आधीपासून ठाऊक होतं.
तिला कोणी विचारलं नव्हतं,
तिने कुठे छापलं नव्हतं.

नवव्या महिन्यातल्या एका सोमवारी बाई तापाने दापोलीला.
मी एकटा. काटा, वही, कानातल्या बिल्ल्यांची यादी.
हजराच्या गोठ्यात सतरा नंबर नव्हती.
पोराची आयटीआयची फी, चिपळूणचा व्यापारी,
रविवारी सकाळी, रोख.
खुंटीला दोरी तेवढी होती.
पलीकडून दाभोळची शेवटची फेरीबोट सुटलेली,
तिचा भोंगा. हजरा म्हणाली,
"लिव की. साडेबावीस भरली असती.
मी काय माझी बकरी वलखत नाय?"

मी लिहिलं. साडेबावीस.
पुढच्या सोमवारी तेवीस.
मग पावणेचोवीस. पावसात थोडी उतरवली,
कारण पावसात सगळ्याच उतरतात.
पाच महिने मी एक नसलेली शेळी वाढवली,
इतकी जपून
की माझ्या घरची एकही तशी वाढली नाही.

तक्ता तीन, ओळ सतरा.
तिथून ती सुटली.
ब्राझीलमध्ये कोणी तिची सरासरी काढली,
केनियात कोणी तिला परक्या कळपाशेजारी उभी केली,
व्हिएतनामची एक मुलगी तिच्या जोरावर डॉक्टर झाली.
चारशे बारा ठिकाणी चरते आहे
आणि एकाही ठिकाणी लेंडी नाही.

चोवीसात एक. फार फरक पडत नसेल.
किती पडतो ते बाईच सांगू शकतील,
असली गणितं त्यांना तोंडपाठ.
विचारायला तोंड उघडलंही होतं मी.
"तुमचं नाव आभारांत आहे हं," त्या म्हणाल्या,
"शेवटून दुसरं."
आभार मोजत नाहीत. हे त्या बोलल्या नाहीत,
मला ठाऊक आहे.
एकदा वाटलं, बरंच आहे ते.
फोन ठेवताना म्हणाल्या, हजराला सांगा.

दुपारी गेलो. हजराला आता ऐकू कमी येतं,
अख्ख्या मोहल्ल्याला कळेल असं ओरडावं लागलं:
बाईंचा नंबर लागला, जगात, तुझ्या बकऱ्यांमुळे.
तिने ओले हात पदराला पुसले. किती आले?
पैसे नाही गं. नंबर.
बराच वेळ ती सुकत घातलेल्या बांगड्यांवरच्या माश्या वारत राहिली.
मग म्हणाली,
"त्या सतरा नंबरचे त्याने दोनशे कमी दिलेले.
ता लिवलंस का खय?"